गाडी आधी उलटी करून बघा: लहानग्यांसाठी बसून चालवायची मजबूत गाडी कशी निवडावी

मूल भिंतीला धरून पावलं टाकायला लागलं की घरात विषय निघतोच, आता याला एक बसायची गाडी घेऊन टाकू. मग शोध सुरू होतो आणि दहा मिनिटांत डोकं गरगरायला लागतं. लाल, पिवळी, पोलिसांची, दिवे लागणारी, गाणी म्हणणारी, पॅडलची, बॅटरीची. फोटोत सगळ्याच दणकट दिसतात.

मी मुलीसाठी पहिली गाडी फोटो बघूनच घेतली होती. पुढे दोन दिवे, स्टिअरिंगवर सहा बटणं. चौथ्या महिन्यात मागच्या डाव्या चाकाजवळ प्लास्टिक पांढरट पडलं. कुठेतरी घासलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. आठवड्याभरात नेमका तिथेच तडा गेला, चाक आत झुकलं आणि पोरगी बसल्याजागी बाजूला कलंडली. कपाळाला टेंगूळ आलं, त्यावर निभावलं. गाडी उलटी केली तेव्हा कारण समोरच होतं. चाकाचा लोखंडी दांडा ज्या भोकातून जात होता, तिथलं प्लास्टिक नखाएवढं पातळ होतं आणि त्याला आजूबाजूला कसलाही आधार नव्हता. हे मला पहिल्या दिवशीही दिसलं असतं, पण मी गाडी फक्त वरूनच पाहिली होती. तेव्हापासून कुणीही गाडी दाखवली की मी आधी ती पालथी करते. पुढचं सगळं त्याच सवयीतून आलेलं आहे.

पायरी १: मूल कुठल्या टप्प्यावर आहे?

गाडी वयावरून निवडू नका, मुलाला आज काय जमतं त्यावरून निवडा. डब्यावरचं वय मात्र खालची मर्यादा म्हणून जरूर पाळा.

आधाराशिवाय नीट बसता येतं, उभं राहता येतं, चालणं सुरू झालंय किंवा होण्यातच आहे, अशा मुलाला पायाने ढकलायची गाडी घ्यावी. म्हणजे पॅडल नाही, मोटर नाही, दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि रेटायचं. पहिले काही दिवस बरीच मुलं गाडी मागेच नेतात. पाय पुढे टेकवून मागे रेटणं त्यांना सोपं जातं. घाबरू नका आणि हाताने पुढे ओढून शिकवायच्या भरीसही पडू नका. आधी दोन्ही पाय एकदम, बेडकासारखे, मग एकाआड एक, असं त्यांचं त्यांनाच सापडतं.

या वयात घरातल्यांनी ढकलायचा दांडा असलेली गाडीही चालते. फक्त एक बघा. पाय ठेवायची फळी काढता आली पाहिजे. ढकलताना फळी हवीच, नाहीतर मुलाचे पाय जमिनीवर फरफटतात आणि चाकाखाली येतात. पण तीच फळी पुढे मुलाला स्वतः रेटू देत नाही. फळी पक्की बसवलेली असेल तर ती गाडी सहा महिन्यांत निरुपयोगी होते. दांडा घट्ट आहे का हेही हलवून बघा. ढकलताना सगळा जोर त्याच्या सांध्यावर येतो.

पॅडलची गाडी साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमते. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवलं की सरकणारी स्विंग कारही तशीच, तिला हाताची ताकद, ताल आणि गुळगुळीत फरशी लागते. दोन्ही उशिरा घ्या.

बॅटरीच्या गाडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दोन वर्षांच्या मुलाला ती नको. ६ व्होल्टची छोटी गाडी साधारण ताशी ३ किलोमीटरने जाते, म्हणजे वेग फार नाही. पण ज्या पायांना रेटायला, थांबायला, वळायला शिकायचंय ते पाय नुसते बसून राहतात. शिवाय पायाने रेटणारं मूल घाबरलं की पाय टेकवून थांबतं. बटण दाबलेलं मूल घाबरलं की बटण आणखी घट्ट दाबतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

साध्या गाडीत काही कमी आहे असं वाटत असेल तर दोन नावं सांगते. जर्मनीत १९७२ साली आलेली बॉबी कार आणि अमेरिकेत १९७९ साली आलेली कोझी कूप. दोन्ही पायाने ढकलायच्या, दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्ही आजही बनतात. कोझी कूपची रचना करणारे जिम मारिओल आधी क्रायस्लर कंपनीत खऱ्या मोटारींचं डिझाइन करत. मोटारी बनवणारा माणूस लहान मुलांच्या गाडीकडे वळला आणि त्याने तिला इंजिन दिलं नाही, मुलाचे पाय दिले. मला ही गोष्ट फार आवडते.

पायरी २: माप घ्या, अंदाज नको

मुलाला चप्पल-बूट काढून भिंतीला पाठ टेकवून उभं करा. एक पातळ पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, जांघेपर्यंत हलकेच वर न्या आणि पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. गाडीच्या सीटची उंची या मापापेक्षा २ ते ३ सेमी कमी हवी. माझ्या भाच्याचं माप २८ सेमी आलं, तर आम्ही २५ सेमी उंचीची सीट शोधली.

सीट उंच असली तर मूल चवड्यांवर येतं, जोर लागत नाही आणि वळताना तोल जातो. फारच बुटकी असली तर गुडघे स्टिअरिंगला आपटतात. तळवे पूर्ण टेकलेले आणि गुडघे किंचित वाकलेले, हे योग्य. सीटची रुंदीही बघा. दोन्ही पाय फाकवून बसावं लागत असेल तर पाय सरळ मागे जात नाहीत, टाचा मागच्या चाकांवर आपटत राहतात.

वजनाचं गणित थोडं वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात एक वर्षाच्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो आणि मुलीचं ८.९ किलो आहे, तीन वर्षांना ते १४.३ आणि १३.९ किलो होतं. त्यामुळे गाडीवर लिहिलेली २० किलो वजनाची मर्यादा भरपूर वाटते. पण मूल गाडीवर हळुवार बसत नाही, ते धपकन आदळतं. शिवाय मोठं भावंड एकदा तरी बसून बघतंच. मी २५ किलोच्या खालची मर्यादा असलेली गाडी घेत नाही.

पायरी ३: आता गाडी पालथी करा

इथे घाई करू नका. गाडी समोर असेल तर पाच मिनिटं खाली बसून बघा. समोर नसेल तर खालच्या बाजूचे फोटो मागा. ते द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर ती गाडी सोडून द्या.

सगळ्यात आधी चाकाचा दांडा. तो डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत सलग, एकच लोखंडी सळई असावा. काही स्वस्त गाड्यांत प्रत्येक चाक प्लास्टिकच्या वेगळ्या खुंटीवर बसवलेलं असतं. ती खुंटी मुळाशी तुटते. तुटतेच. सळई असेल तर ती ज्या भोकातून जाते तिथे बोट फिरवा. भोकाभोवती प्लास्टिकची जाड कडी आणि तिथून बाहेर पसरणाऱ्या उभ्या पट्ट्या जाणवल्या पाहिजेत. मुलाचा सगळा भार या दोन-चार भोकांवर असतो. बाकीची गाडी कितीही जाड असली आणि इथे पातळ असली तर ती इथेच फाटणार.

मग चाक दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचित सैलपणा असणारच, त्याशिवाय चाक फिरणार नाही. पण डगडगत असेल, फिरवल्यावर वाकडंतिकडं जात असेल तर भोक दांड्यापेक्षा मोठं आहे आणि ते दिवसेंदिवस आणखी मोठं होत जाईल. चाक आणि गाडीच्या अंगामध्ये वॉशर असेल तर बनवणाऱ्याने विचार केलाय असं समजा.

चाकाचा प्रकारही इथेच ठरतो. पोकळ, कडक प्लास्टिकची चाकं फरशीवर खडखडतात, खडबडीत जागेवर झिजतात आणि त्यांच्या दोन अर्ध्यांचा जोड उकलतो. बाहेरून रबराचा पट्टा असलेली चाकं आवाज कमी करतात आणि वळताना घसरत नाहीत, फक्त तो पट्टा खाचेत पक्का बसलेला हवा, नखाने उचलला जाता कामा नये. स्विंग कारसारख्या गाड्यांना पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरासारख्या चिवट प्लास्टिकची चाकं मिळतात, ती सर्वांत टिकतात. फोमची चाकं हलकी आणि शांत, पण खडीवर त्यांचे तुकडे उडतात, आणि ते तुकडे तोंडात जाऊ शकतात.

पुढे गाडीचं अंग. तळाशी बऱ्याचदा त्रिकोणी खुणेत प्लास्टिकचा प्रकार सांगणारा एक आकडा कोरलेला असतो. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दोन्ही चालतात. एचडीपीई आपटल्यावर वाकतं, सहसा फुटत नाही, म्हणून बसायच्या गाड्यांना ते मला जास्त पसंत आहे. सीटच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबा. थोडं दबून लगेच परत आलं तर उत्तम. टकटक करून ऐका. दुहेरी भिंतीच्या पोकळ गाडीचा आवाज भरीव, घुमणारा येतो, पातळ पत्र्यासारख्या प्लास्टिकचा चरचरीत येतो. साच्याच्या जोडावर बोट फिरवा. तिथे राहिलेली प्लास्टिकची धार मुलाच्या मांडीला रोज घासणार आहे.

लाकडाची गाडी घेणार असाल तर प्लायवूडच्या कापलेल्या कडेवर थर मोजून बघा. थर सलग आणि मध्ये पोकळी नसलेले हवेत. स्क्रू लाकडात थेट पिळलेले असतील तर ते सैल होतात, नट-बोल्टने जोडलेली गाडी परत आवळता येते. लाकडी गाडी घरातच ठेवायची.

शेवटी स्टिअरिंग. गाडी सरळ करून स्टिअरिंग पूर्ण वळवा. पुढची चाकं एका मर्यादेनंतर अडली पाहिजेत. ती पार आडवी होत असतील तर वेगात वळताना गाडी जागच्या जागी अडते आणि मूल वरून पुढे जातं. ज्या गाड्यांत स्टिअरिंग नुसतं शोभेला असतं आणि पुढची चाकं खुर्चीच्या चाकांसारखी गोल फिरतात, त्या सव्वा-दीड वर्षाच्या मुलाला घरात ठीक आहेत, बाहेर नकोत.

पायरी ४: कलंडते का ते घरीच तपासा

रुंद गाडी कलंडत नाही, उंच गाडी कलंडते, इतकं सोपं आहे. चाकांमधलं डावं-उजवं अंतर सीटच्या उंचीपेक्षा जास्त असेल तर मी निर्धास्त असते.

खात्री करायची असेल तर बसायच्या खेळण्यांसाठी जी चाचणी वापरतात तिची घरगुती आवृत्ती करा. ती १० अंशांच्या उतारावर होते. एक मीटर लांबीची फळी घ्या आणि एक टोक साधारण १७ सेमी उचलून खाली पुस्तकं ठेवा, झाले १० अंश. गाडी त्यावर आडवी उभी करा, चाकं सरकू नयेत म्हणून खालच्या बाजूला एक पट्टी अडवा, आणि सीटवर मुलाच्या वजनाइतकी भरलेली उंच पिशवी उभी बांधा. पिशवी बुटकी आणि पसरट असली तर चाचणी खोटी ठरते, कारण मुलाचा भार वर, छातीपोटाशी असतो. गाडीने फळी सोडली नाही पाहिजे.

मागे पडणं हा वेगळा प्रकार. मूल उठताना पाठीच्या टेकूवर हात देऊन जोर लावतं आणि पुढची चाकं उचलली जातात. म्हणून मागे, चाकांच्या पलीकडे, जमिनीपासून बोटभर वर एक छोटी अटकाव-पट्टी असलेली गाडी घ्या. आमच्या दुसऱ्या गाडीला ती होती. पहिल्या आठवड्यातच तिच्यावर ओरखडे दिसले, म्हणजे तितक्या वेळा ती कामाला आली होती.

पायरी ५: फटी, सुटे भाग आणि बॅटरी

दाराची किंवा डिकीची बिजागरी असेल तर फटीचा नियम लक्षात ठेवा. फट एकतर ५ मिमीपेक्षा कमी असावी म्हणजे बोट शिरणारच नाही, नाहीतर १२ मिमीपेक्षा जास्त म्हणजे बोट शिरलं तरी चिरडणार नाही. मधली फट वाईट. साधी पेन्सिल सुमारे ७ मिमी जाड असते. दार उघडत-मिटत पेन्सिल फटीत घालून बघा. पेन्सिल शिरते पण तुमची करंगळी शिरत नाही, अशी फट दिसली की ती गाडी परत ठेवा.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातून सुटणारा कुठलाही भाग गिळता येण्याएवढा लहान नको. त्यासाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिमी व्यासाची नळी वापरतात. जो भाग कुठल्याही बाजूने तिच्यात पूर्ण मावतो, तो धोक्याचा. तुमच्याकडे ती नसेल, पण टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी असेल. ती थोडी मोठी असते, म्हणजे तुमची तपासणी अधिक कडक होईल. चाकावरच्या टोप्या, हॉर्नचं बटण, आरशांचे चकचकीत तुकडे ओढून बघा आणि सुटलं तर नळीत टाकून बघा.

गाणी म्हणणाऱ्या स्टिअरिंगमध्ये बॅटरी असते. तिचं झाकण स्क्रूनेच बंद होणारं हवं, नुसतं खटक्याचं नको. आत चपट्या बटणासारखे सेल असतील तर मी ती गाडी सरळ नाकारते. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. मुलाने सेल गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा असतो.

पायरी ६: खुणा वाचा

भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह असतं, त्यासोबत आयएस ९८७३ हे मानक आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४. युरोपात सीई चिन्ह आणि ईएन ७१ हे मानक, अमेरिकेत एएसटीएम एफ९६३ हे मानक, आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८१२४. यातलं एक तरी गाडीवर किंवा डब्यावर हवं, बनवणाऱ्याच्या नाव-पत्त्यासकट.

या खुणांमागे काय असतं ते कळलं की त्यांची किंमत वाटते. आयएसओ ८१२४ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या बसायच्या गाडीवर २५ किलो आणि त्याहून मोठ्या मुलांच्या गाडीवर ५० किलो भार ठेवतात. मग भार लादलेली गाडी सेकंदाला २ मीटर वेगाने ५० मिमी उंच पायरीवर आपटतात. घरातला उंबरठा डोळ्यांसमोर आणा, आपली मुलं रोज हेच करतात. रंगाचीही तपासणी होते. रंगातून बाहेर पडू शकणाऱ्या शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे.

कुणाची वापरलेली गाडी घेताना

मजबूत गाडी एका मुलापुरती नसतेच, त्यामुळे वापरलेली घ्यायला काहीच हरकत नाही. पण उन्हात राहिलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. गाडीवर हात फिरवून बघा, बोटांना खडूसारखी पांढरी भुकटी लागली तर नको. दांड्याच्या भोकांजवळ आणि सीटच्या कोपऱ्यांत पांढरट रेघा दिसल्या तरी नको, ते ओरखडे नसून ताणाने पडलेल्या खुणा असतात. जिच्या मानकाची खूण सापडत नाही आणि रंगाचे पोपडे निघालेत, ती जुनी लोखंडी गाडी कितीही देखणी असली तरी मुलाच्या तोंडाजवळ नेऊ नका.

जोडताना

बऱ्याच गाड्या सुट्ट्या भागांत येतात. इथे चांगली गाडीही बिघडते. स्क्रू हातानेच पिळा. ड्रिल मशिनने पिळलेला स्क्रू प्लास्टिकमधले आटे खाऊन टाकतो आणि मग तो कायमचा सैल राहतो. दांड्याच्या टोकाची लोखंडी टोपी एकदाच बसते, काढून पुन्हा लावली तर पकड राहत नाही. म्हणून आधी वॉशर, चाक, वॉशर असा क्रम जमिनीवर मांडा, चाक फिरतंय ना बघा, आणि मगच टोपी ठोका. दुसऱ्या टोकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर ठोका फरशीला बसतो. मुलाला दाखवण्याआधी स्वतः दोन्ही हातांनी सीटवर सगळा भार देऊन बघा.

रोजच्या वापरात

जिन्याजवळ, पाण्याजवळ, उतारावर आणि जिथे मोटारी मागे-पुढे होतात अशा जागी ही गाडी चालवायची नाही, मोठं माणूस शेजारी असलं तरी. बूट घालून चालवू द्या, अनवाणी बोटं चाकाखाली जातात. लांब नाड्या आणि मोकळे केस बांधून घ्या. ढकलायचा दांडा असला तरी पळत ढकलू नका, मुलाच्या मानेला तो झटका सोसत नाही.

महिन्यातून एकदा गाडी पालथी करा, टॉर्च घ्या आणि दांड्याची भोकं बघा. पांढरटपणा दिसला तर त्याच दिवशी गाडी बाजूला ठेवा. चाकांत अडकलेले केस आणि धागे कात्रीने काढा, ते दांड्याला आवळत जातात आणि चाक जड होतं. स्क्रू आवळा. गाडी उन्हात उभी करू नका.

आमची दुसरी गाडी आता भाच्याकडे आहे. स्टिकर केव्हाच निघून गेले, हॉर्न वाजत नाही, चाकं एकदा बदलली. दांडा अजून तोच आहे.